काळे हात

परवा संध्याकाळी नातू आयटीआयतून आला आणि सरळ मोरीत गेला. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, तरी साबण घासणं चालूच. शेवटी म्हणाला, "आजी, राहू दे. हे काही आज निघत नाही." नखांच्या कडांत, बोटांच्या पेरांत काळं ग्रीस बसलेलं. आणि खरं सांगते मंडळी, मला त्या हातांकडे बघवेना. असे हात मी पूर्वी एकदा पाहिलेत. ते पुढे सांगतेच.

आधी नातवाचं. (नात्यातल्या वाचकांना माहीत आहे, त्यांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल!) दहावीला बरे गुण पडले, सगळ्यांनी अकरावी सायन्स गृहीत धरलं आणि या पठ्ठ्याने 'डिझेल मेकॅनिक' हा ट्रेड घेतला. एक वर्षाचा कोर्स, मग कारखान्यात शिकाऊ उमेदवारी. लेकीच्या घरी सुतक पडल्यासारखं झालं. आयटीआय माझ्या घराजवळ, म्हणून तो माझ्याकडे राहायला आला. लेकीने बजावलं, "आई, जन्मभर मुलांना समजावलंस, आता यालाही समजाव. अजून वेळ गेलेली नाही."

मी समजवायला बसले आणि झालं उलटंच.

त्याने सायकलचा पंप आणला. नळीचं तोंड माझ्या अंगठ्याने दाबून धरायला लावलं आणि जोरजोरात पंप मारला. "आता खालच्या बाजूला हात लाव." पंप चांगलाच गरम झाला होता. "हेच डिझेल इंजिन, आजी. यात पेट्रोलच्या गाडीसारखी ठिणगी नसते. हवा दाबून दाबून साधारण विसाव्या हिश्श्यात आणायची. ती पाचशे अंशांच्या वर तापते. मग त्यात डिझेलचा फवारा मारला की आपोआप पेट घेतो." रुडॉल्फ डिझेल या जर्मन माणसाने १८९७ मध्ये हे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवलं. मी इतिहास शिकवला, लढायांच्या सनावळ्या पाठ करून घेतल्या, पण हा सन एकदाही फळ्यावर लिहिला नाही. ज्याच्यामुळे ट्रक, बोटी आणि शेतातले पंप चालले, तो माणूस आमच्या पुस्तकात नव्हता.

मग कळलं की धुरालाही व्याकरण असतं. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, आधी एअर फिल्टर बघ. निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पांढरा म्हणजे डिझेल न जळता बाहेर पडतंय, नाहीतर आत पाणी शिरलंय. व्हॉल्व्हमधली फट पातळ पट्टीने मोजायची, ती अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी! फट जास्त राहिली तर टकटक आवाज, फारच कमी झाली तर व्हॉल्व्ह नीट मिटत नाही. नव्या मशिनला तर आधी लॅपटॉप जोडतात. आणि ज्याला आपण 'पोकलेन' म्हणतो ते मुळात एका फ्रेंच कंपनीचं नाव. वनस्पती तुपाला डालडा म्हणतो, तसंच.

याला पुढे त्या मोठ्या मशिनांवरच काम करायचंय. त्यांच्या नळ्यांत तेल एवढ्या दाबाने फिरतं की सुईएवढ्या भोकातून उडालेली धार कातडीच्या आत शिरते. वरून टोचल्यासारखं दिसतं, पण वेळेवर ऑपरेशन झालं नाही तर बोट जाऊ शकतं, हातसुद्धा. म्हणून गळती कधी हाताने चाचपायची नाही, पुठ्ठ्याचा तुकडा लांबून फिरवायचा. "सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं," तो म्हणाला. चौतीस वर्षांच्या नोकरीत, चुकलं तर हात जाईल असं मला काहीच शिकवावं लागलं नाही.

आता ते दुसरे हात.

१९८४ साल असेल. आठवीच्या वर्गातला एक मुलगा दोन दिवस गैरहजर होता. तिसऱ्या दिवशी आला तो काळ्या हातांनी. विहिरीवरचं डिझेल इंजिन बंद पडलं होतं, ऊस वाळत होता. बापलेकांनी मिळून ते खोललं होतं. मी त्याला हात धुऊन यायला पाठवलं. तो परत आला, तरी हात काळेच. मला वाटलं, मुद्दामच करतोय. सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "अभ्यास केला नाहीस तर जन्मभर पाने फिरवत बसशील!" वर्ग हसला. तो हळूच म्हणाला, "बाई, पण इंजिन चालू झालं."

त्याला दिवसभर वर्गाबाहेर उभं केलं. पुढच्या जूनमध्ये तो शाळेत आला नाही. घरची कारणंही असतील. पण ते वाक्य मी नंतर पुष्कळ वर्षं, पुष्कळ वर्गांत वापरलं. धाक म्हणून चांगलं चालायचं. ज्या घरांतले बाप खरोखरच पाने फिरवत होते, ती मुलंही समोर बसलेली असत. हे तेव्हा सुचलंच नाही.

ते ग्रीस साध्या साबणाने निघत नाही, हे मला परवा, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी कळलं.

रात्री लेकीला फोन करून सांगितलं, मी याला काही समजावणार नाही. ती थोडी रागावली आहे. निवळेल. मग नातवाला त्या मुलाची सगळी हकिगत सांगितली. वाटलं होतं, म्हणेल, "जाऊ दे गं आजी." तसं काही म्हणाला नाही. जरा वेळ गप्प राहिला आणि विचारलं, "पण आजी, त्या इंजिनाला झालं काय होतं? त्याने ते सुरू कसं केलं?"

मी त्या मुलाला हे विचारलंच नव्हतं.