विचारण्याची आणि लिहिण्याची तालीम

हिंसा सोसलेल्या बाईला मदत करायची तर मन मोठं हवं, असं आपल्याकडे सर्रास मानलं जातं. मन मोठं हवंच. पण या कामात राहून माझं एक मत पक्कं झालं आहे: नुसत्या कळवळ्यानं होणारं नुकसान आपण कधी मोजलेलंच नाही. कळवळा असलेला माणूस घाई करतो. समोरचीचं रडणं त्याला बघवत नाही, म्हणून तो भराभर उपाय सांगू लागतो. माहेरी निघून जा, पोलिसांत तक्रार दे, नाहीतर मुलांकडे बघून थोडं सोसून घे. या सल्ल्यांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना असली तरी ते सगळे तिच्या घरात नेमकं काय घडतंय हे धड न विचारताच दिलेले असतात. म्हणून समुपदेशक, संरक्षण अधिकारी, परिचारिका, ठाण्यातले पोलीस यांच्या प्रशिक्षणाकडून माझी मागणी अशी असते, की त्यांना आधी विचारायला शिकवा आणि ऐकलेलं लिहायला शिकवा. कायद्याची कलमं मागाहून आली तरी चालतील.

विचारणं ही शिकण्याची गोष्ट आहे, हे पुष्कळांना पटत नाही. ‘नवरा मारतो का?’ या प्रश्नाला किती तरी बाया ‘तसं काही नाही’ म्हणतात. ढकलणं, केस ओढणं, ताट भिरकावणं हे त्यांच्या हिशेबी मारहाणीत मोडत नाही. गळा दाबल्याचंही त्या आपणहून सहसा सांगत नाहीत, कारण पुष्कळदा दाखवायला वळ नसतो. शिकलेली समुपदेशक इथे मोघम विचारत नाही. त्यानं कधी गळा धरला का, श्वास अडकला का, डोळ्यांपुढे अंधारी आली का, नंतर आवाज बसला का, गिळताना दुखलं का, त्या वेळी कपड्यात लघवी झाली का, असं ती एकेक करून, शांतपणे आणि तिला एकटीला घेऊन विचारते. सोबत आलेल्या सासूला किंवा जावेला बाहेर बसवणं हाही त्या कौशल्याचाच भाग. गळा दाबण्याचा प्रकार एकदा जरी घडलेला असला तरी पुढे त्याच माणसाच्या हातून जीव जाण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो, हे संशोधक जॅकलिन कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या शहरांत केलेल्या अभ्यासातून पुढे आलं. बाई घर सोडते तो काळ सर्वांत सुरक्षित, असा आपला समज असतो; हुकमत गाजवणाऱ्या नवऱ्याच्या बाबतीत तोच काळ अतिशय धोक्याचा ठरतो, हेही त्यातून दिसलं. हे ठाऊक नसलेला भला माणूस ‘आत्ताच्या आत्ता नीघ’ असं सांगतो, आणि रात्री ती कुठे असेल, नवऱ्याला पत्ता कुणाकडून लागेल, मुलांच्या शाळेच्या फाटकाशी कोण उभं असेल, यातलं काहीच विचारत नाही.

धोका ओळखण्यासाठीची परदेशी प्रश्नावली जशीच्या तशी उचलूनही भागत नाही. तिथे घरातल्या बंदुकीबद्दल विचारावं लागतं. आपल्याकडे रॉकेलबद्दल, शेतातल्या कीटकनाशकाबद्दल आणि सासरच्या इतर माणसांबद्दल विचारावं लागतं. सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागातलं रजिस्टर या दृष्टीनं वाचायला शिकवलं पाहिजे. ‘स्टोव्हचा भडका उडून भाजली’, ‘चुकून औषध प्यायली’, ‘जिन्यावरून पडली’ अशा नोंदी तिथे ओळीनं सापडतात. लिहिणाऱ्यानं खोटं लिहिलेलं नसतं, सोबतच्या नातेवाइकांनी सांगितलं ते उतरवून घेतलेलं असतं. पण तरुण विवाहित बाई ‘चुकून’ विष पिते तेव्हा तिला एकांतात दोन प्रश्न विचारायला हवेत हे परिचारिकेला कुणी शिकवलेलं नसेल, तर ती बाई पोट धुऊन त्याच घरी परत जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम १४ टक्के स्त्रियांनी कुणाची तरी मदत मागितली होती, आणि तीही बहुतेकींनी आपल्याच माहेरच्यांकडे. पोलीस किंवा डॉक्टर यांच्यापर्यंत पोहोचलेल्या फारच थोड्या. तेव्हा तक्रार घेऊन येईल तिला मदत करू, असं म्हणत बसलो तर बाकीच्या आपल्याला दिसणारच नाहीत. त्या दिसतात बाह्यरुग्ण विभागात, डोकेदुखी आणि गर्भपाताच्या तक्रारी घेऊन. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेनं मिळून ‘दिलासा’ केंद्र उभारलं ते हे ओळखूनच. तिथे रुग्णालयातल्याच डॉक्टर-परिचारिकांना शिकवून तयार केलं. त्याआधी १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेनं मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला होता, तिथेही शिकलेला समाजकार्यकर्ता थेट पोलीस यंत्रणेच्या आत बसला. हे दोन्ही प्रयोग मुंबईचे, आणि मला ते आजही देशाला दाखवण्याजोगे वाटतात.

लिहिण्याचं महत्त्व पटवायला महाराष्ट्राच्याच इतिहासात पुरावा आहे. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर लैंगिक अत्याचार झाला. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, यावर बोट ठेवून १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आरोपी पोलिसांना निर्दोष सोडलं. देशभर चळवळ उभी राहिली, १९८३ मध्ये कायदा बदलला. पण जखम नाही म्हणजे संमती होती, हा समज तपासणीच्या कागदांतून निघायला त्यानंतर फार काळ गेला. २०१४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं लैंगिक अत्याचार झालेल्यांच्या वैद्यकीय तपासणीची मार्गदर्शक तत्त्वं काढली, आणि तरीही २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्या तपासणीत योनीची ‘दोन बोटांची चाचणी’ करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल असं बजावावं लागलं. त्याच निकालात आरोग्य कर्मचाऱ्यांच्या कार्यशाळा घ्या आणि वैद्यकीय अभ्यासक्रम तपासा, असाही आदेश होता. कायदा बदलून माणसाचा हात बदलत नाही. त्याला शिकवावं लागतं, हे न्यायालयानंच मान्य केलं म्हणायचं.

यावर सर्वांत जोरकस आक्षेप अनुभवी माणसांकडून येतो. गावोगावच्या जाणत्या बायांनी, तंटामुक्ती समित्यांनी किती तरी संसार सावरले, त्यांना कुणी शिकवलं होतं, असं ते विचारतात. २००७ मध्ये सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेनं बांधाची आणि पाण्याची भांडणं गावातच मिटवली, याचं श्रेय मी नाकारत नाही. पण बांधाच्या भांडणात दोन्ही बाजू थोडं थोडं मागे सरकू शकतात. मार खाणाऱ्या बाईनं कुठवर मागे सरायचं? कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या २००६ च्या नियमांत म्हणूनच एक नेमकी तरतूद आहे: समुपदेशनात नवऱ्याला हिंसेचं समर्थन मांडता येणार नाही, आणि हे त्याला बैठक सुरू होण्याआधीच सांगायचं. ‘ती उलट बोलली म्हणून’ हे वाक्य त्या खोलीत चालणार नाही. न शिकलेला मध्यस्थ नेमका याच वाक्यापासून सुरुवात करतो, कारण दोन्ही बाजू ऐकणं हाच त्याला न्याय वाटतो.

याला जोडून म्हटलं जातं, की बाईलाच पुष्कळदा संसार हवा असतो, तिला फक्त मार थांबायला हवा असतो. अगदी खरं आहे. म्हणून तर घर सोडायला लावणारं प्रशिक्षणही मला तितकंच अपुरं वाटतं. तिला राहायचं असेल तर राहून जीव कसा सांभाळायचा याची आखणी तिच्याबरोबर बसून करता आली पाहिजे: कागदपत्रं आणि थोडे पैसे कुणाकडे ठेवायचे, शेजारच्या कोणत्या घरी धावायचं, भांडण पेटलं की स्वयंपाकघराकडे का जायचं नाही. ती पाचव्यांदा परत आली तरी चेहऱ्यावर कंटाळा न आणता पुन्हा पहिल्यापासून विचारायची ताकद या आखणीतून येते, कारण तेव्हा तिचं परत येणं आपलं अपयश वाटत नाही.

चळवळीतल्या मैत्रिणींची भीती वेगळी आहे, आणि ती मला जास्त अस्वस्थ करते. पदव्या आणि प्रमाणपत्रं आली की बाई ‘केस’ होते, सोबत उभं राहण्याची धग जाते, असं त्यांचं म्हणणं. नुसते फॉर्म भरायला शिकवणारी प्रशिक्षणं पाहिली की ही भीती खोटी म्हणवत नाही. पण धग टिकत नाही याचं कारण शिक्षण नसून एकटेपण आहे, असं मला वाटतं. रोज अशा कहाण्या ऐकणाऱ्याची झोप उडते, चिडचिड वाढते, हळूहळू त्याला प्रत्येक बाई अतिशयोक्ती करते असं वाटू लागतं. याला औषध दोन दिवसांच्या कार्यशाळेत मिळत नाही. अनुभवी माणसासमोर आपल्या नोंदी ठेवून, मी हा प्रश्न का विचारला नाही, इथे मी घाई का केली, हे नियमानं बोलता आलं पाहिजे. गवयाची मैफल रियाजाशिवाय उभी राहत नाही, तसंच हे.

त्यासाठी पैसा आणि वेळ कुठून आणायचा, असं कार्यालयांतून विचारलं जातं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याचं कलम ११ संबंधित अधिकाऱ्यांना, पोलिसांना आणि न्यायाधीशांना ठरावीक काळानं प्रशिक्षण देण्याची जबाबदारी सरकारवरच टाकतं, त्यामुळे ही मेहेरबानी मागितल्यासारखं बोलायचं कारण नाही. संरक्षण अधिकाऱ्याला हे काम दुसऱ्या पदाच्या जोडीला अतिरिक्त कार्यभार म्हणून देऊ नये. प्रत्येक जिल्ह्यात महिन्यातला एक दिवस नोंदींच्या चर्चेसाठी राखून ठेवावा, तो कामाचा दिवस धरावा, आणि त्या दिवशी आढावा बैठक लावू नये. हिंसा सोसलेल्या बायांसाठीच्या सरकारी सखी केंद्रात नव्यानं लागलेल्या मुलीला जाणत्या समुपदेशकाशेजारी बसून पुरेसं ऐकू द्यावं आणि मगच तिच्या हाती स्वतंत्र प्रकरण द्यावं.