रंगाआधी एकदा बघून जा

खंडेनवमीला मशीन, ग्राइंडर आणि ऐरणीला हळदकुंकू वाहून झेंडूची माळ घातली, की दुसऱ्या दिवसापासून माझा फोन थांबत नाही. दिवाळीच्या आत गेट बसवायचंय, गच्चीचं रेलिंग हलतंय, गॅलरीला ग्रिल हवंय. पलीकडून पहिला प्रश्न ठरलेला : "किलोला काय घेता?"

आयटीआयचा वर्षाचा वेल्डर ट्रेड करून मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका वस्तादांच्या हाताखाली लागलो. आता स्वतःचं शेड टाकलं त्यालाही बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत "रंग मारायच्या आधी बघायला येऊ का?" असं विचारणारी गिऱ्हाइकं हाताच्या बोटांवर मोजता येतील. आणि बघण्यासारखं जे काही असतं, ते तेव्हाच असतं.

आधी दराचं सांगतो. काम किलोवर दिलं, तर जड माल घालायचा मोह मिस्त्रीला होतो. चौरस फुटावर दिलं, तर हलका घालायचा. म्हणून दर कसाही ठरवा, माल कागदावर लिहून घ्या. बारा एमएमचा चौकोनी बार मीटरला १.१३ किलो भरतो, दहा एमएमचा ०.७८५. म्हणजे बाराच्या जागी दहाचा घातला, तर तीस टक्के लोखंड वाचलं. आणि ग्रिल पहिल्या मजल्यावर चढलं की तो फरक खालून माझ्याही नजरेला येत नाही. पाइपाचं गणित उलटं. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. सोळा गेज म्हणजे साधारण १.६ एमएम, अठरा म्हणजे १.२. "अठरा गेजचा भारी पाइप टाकतो," असं कुणी सांगितलं तर काय समजायचं ते समजा.

स्टीलच्या रेलिंगला लोहचुंबक लावून बघणारे पुष्कळ भेटतात. चुंबक चिकटला नाही म्हणजे माल अस्सल, अशी समजूत. पण महागाचं ३०४ आणि स्वस्तातलं २०२, दोन्हींना चुंबक चिकटत नाही. ३०४ मध्ये निकेल आठ टक्क्यांच्या आसपास असतं, २०२ मध्ये त्याच्या निम्मं. फरक कळतो तो दोन-तीन पावसाळ्यांनी, तांबूस डाग पडले की. तेव्हा चुंबक खिशात ठेवा आणि मालाचं बिल मागा.

आता माझी स्वतःचीच फजिती. शेड टाकल्यावर पहिलंच मोठं काम, दहा बाय पाचचं गेट. एका निवृत्त गुरुजींचं. चौकट जुळवली आणि हात सुटला तसा एका बाजूचे जोड सलग भरत गेलो. संध्याकाळी गुरुजी आले, खिशातून सुतळी काढली. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ताणली, गाठ मारली. मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांवर धरली. गाठ बोटभर पुढे गेली. "दोन्ही कर्ण सारखे यायला हवेत ना रे? अकरा फूट दोन इंच." मला ओशाळल्यासारखं झालं. गुण्या लावूनच तर चौकट जुळवली होती! पण वितळलेलं लोखंड थंड होताना आखडतं आणि शेजारच्या पट्टीला आपल्याकडे ओढतं. एकाच अंगाने भरत गेलं की ती ओढ साठत जाते. आधी चारी कोपऱ्यांना नुसते टाके मारायचे, कर्ण मोजायचे, मग समोरासमोरचे जोड आलटूनपालटून भरायचे. वस्तादांनी हे शंभरदा सांगितलं होतं. गेट दोन जागी कापून पुन्हा जोडलं. रंग बसल्यावर हे कळलं असतं, तर मी बिजागरीखाली चकती घालून वेळ मारून नेली असती. खोटं कशाला बोलू?

जोड बघायला वेल्डर असावं लागत नाही. वरची काळी खपली ठोकून काढायला सांगा. खाली माशाच्या खवल्यांसारख्या एकसारख्या लाटा दिसल्या, तर हात बसलेला आहे. सुईने टोचल्यासारखी भोकं दिसली, तर रॉड ओला होता किंवा लोखंडावरचा गंज, तेल पुसलं नव्हतं. जोडाच्या कडेने खाच पडली असेल, तर करंट जास्त होता आणि पट्टी तिथे खाल्ली गेली. उद्या तुटायची ती तिथूनच. कुठे जोड निम्माच फिरवून सोडलेला असतो. या सगळ्यावर लांबी भरली, रेड ऑक्साइडचा हात मारला आणि वर सोनेरी टोकं रंगवली, की राजवाड्याचं गेट तयार.

पाइपाची टोकंही तपासा. वरचं तोंड बंद हवं आणि बुडाशी पाणी निथळायला बारीक भोक हवं. आमच्याकडच्या पावसात रेलिंग आतून सडतं. बाहेरचा रंग शाबूत आणि हात टेकला की पाय मोडलेला. जीआय पाइपावर जोड मारला, तर जस्ताचा थर तिथला उडालेला असतो. जस्त ९०७ अंशांना उकळतं, लोखंड वितळायला पंधराशेच्या घरात जावं लागतं. तो पांढरा धूर नाकात गेला, की वेल्डर रात्री हुडहुडी भरून तापतो. म्हणून थर आधी घासून काढावा आणि जोडावर नंतर जस्ताचा प्रायमर लावावा. मिस्त्री त्यासाठी अर्धा तास जास्त मागत असेल, तर द्या.

काम घरातच असेल तर पडदे, गाद्या, सिलिंडर हलवा आणि पाण्याची बादली जवळ ठेवा. अर्थिंगचा चिमटा जोडाच्या जवळ लावलाय ना, तेही बघा. लांब लावला, तर करंट मधल्या बिजागरीतून वाट काढतो आणि ती खराब करतो. पोरांना तिथे उभं करू नका. लखलखाट बघताना काही होत नाही. मध्यरात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होऊन पोर रडत उठतं. आणि पेट्रोलची टाकी "रिकामीच आहे" म्हणून कुणी जोडायला आणली, तर मी हात लावत नाही. भरलेलीपेक्षा रिकामी टाकी वाईट, कारण आत उरलेली वाफ हवेत मिसळून ठिणगीचीच वाट बघत असते.

गुरुजींच्या त्या गेटानंतर मी एक नेम धरलाय. चौकट जोडून झाली, की गिऱ्हाइकाला फोन करतो : रंगाआधी एकदा बघून जा. "तुम्ही केलंय म्हणजे चांगलंच असणार," असं म्हणून बहुतेकजण टाळतात. बरं वाटतं ऐकायला. मग मीच खुंटीवरची सुतळी काढतो, पोऱ्याला एक टोक धरायला लावतो आणि गाठ कुठे येते ते बघतो. तोवर रेड ऑक्साइडच्या डब्याचं झाकण उघडत नाही.