टीम आमची, कागद त्यांचा

आमच्या घरी गेली दोन-तीन वर्षे जेवताना जो वाद चालतो तो एखाद्या पाहुण्याने ऐकला, तर त्याला वाटावे की बंद पडलेल्या साखर कारखान्याचे सभासद बसले आहेत. पगार किती महिन्यांचे थकले, देणी कुणाच्या नावावर आहेत, नवा मालक जुने पैसे देणार का, कोर्टात काय झाले! वाद घालणारे दोघे आहेत. एक माझा मुलगा. तो लातूरला राहून नीटची तयारी करतो आणि पंधरा दिवसांतून एकदा एसटीने नांदेडला येतो. दुसरा माझ्या बहिणीचा मुलगा. तो हैदराबादला मेहदीपट्टणमला राहतो आणि व्हिडिओ कॉलवरून आमच्या दस्तरखानावर हजर होतो. वादाचा विषय हैदराबाद एफसी हा फुटबॉल क्लब, जो आता हैदराबादेत उरलेलाच नाही.

मला खेळातले फार कळत नाही. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. पण करार, मालकी, थकबाकी, वारस हे शब्द कोवळी पोरे इतक्या पोटतिडकीने वापरताना ऐकले, तेव्हा मीही कान देऊ लागले.

झाले ते असे. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा पुण्याला एफसी पुणे सिटी हा क्लब आला. मालक वाधवान समूह, सोबत हृतिक रोशनचे नाव. पाच हंगामांत तो गुंडाळला गेला. २०१९ मध्ये त्याची जागा नव्या मालकांनी घेतली आणि क्लब हैदराबादला नेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वाधवान कुटुंबाच्या डीएचएफएल कंपनीवर रिझर्व्ह बँकेने प्रशासक बसवला. हैदराबादचा पहिला हंगाम तळाला गेला. पण पुढे स्पेनचे प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांनी साध्यासुध्या, तरुण पोरांतून संघ उभा केला आणि २० मार्च २०२२ ला गोव्यात, फातोर्ड्याच्या मैदानावर, केरळा ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून हैदराबाद विजेते झाले. गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी यांनी तीन पेनल्टी अडवल्या. नुकतीच शबेबरात झाली होती. बहिणीच्या घरी त्या रात्री उरलेला हलवा गल्लीत वाटला गेला.

दोन वर्षांत सगळे खलास. खेळाडूंचे पगार थकले, फिफाने नवे खेळाडू नोंदवण्यावर बंदी घातली, परदेशी खेळाडू निघून गेले, प्रशिक्षक तर आधीच गेले होते. २०२३-२४ च्या अख्ख्या हंगामात संघाने एकच सामना जिंकला. २०२४ मध्ये बी. सी. जिंदाल समूह मालक झाला आणि २०२५ मध्ये क्लब दिल्लीला गेला. नावही बदलले. आता तो स्पोर्टिंग क्लब दिल्ली.

"टीम हमारी थी खाला, कागज उन लोगां का था," असे माझा भाचा म्हणतो. पिवळी जर्सी घालून गच्चीबावलीच्या मैदानावर घसा बसेपर्यंत ओरडणाऱ्या पोराला एक दिवस कळते की या सगळ्यात त्याचे काहीच नव्हते.

हे हैदराबादचेच नाही, आपल्या महाराष्ट्राचेही आहे. पुण्याने थोड्या वर्षांत तीन क्लब गमावले. अशोक पिरामल समूहाचा पुणे एफसी २०१५ मध्ये बंद झाला. डीएसके शिवाजीयन्स २०१७ मध्ये मैदानातून गेला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ठेवीदारांच्या फसवणुकीच्या प्रकरणात डी. एस. कुलकर्णी यांना अटक झाली. तिसरा तो पुणे सिटी. यामागचे गणित अवघड नाही. तिकिटे, जाहिराती आणि जर्सी यांतून येणारा पैसा खर्चाला पुरत नाही, खड्डा मालक स्वतःच्या धंद्यातून भरतो. धंदा अडचणीत आला की पहिली कात्री क्लबला. माझ्या मुलाचे यावर एक उत्तर असते. महिंद्रा युनायटेडच्या मालकांचा धंदा तर उत्तम चालला होता, संघ राष्ट्रीय विजेता झालेला होता, तरी २०१० मध्ये त्यांनी तो बंद केलाच ना? म्हणजे पैसा असूनही भरवसा नाही.

मोहमेडन स्पोर्टिंगचे नाव घेतले की घरातली वडीलधारी मंडळी कान टवकारतात. १८९१ चा क्लब. १९३४ ते १९३८ सलग पाच वर्षे कलकत्ता लीग जिंकणारा, १९४० मध्ये मुंबईला येऊन रोव्हर्स कप नेणारा. तो २०२४ मध्ये मोठ्या लीगमध्ये चढला आणि पहिल्याच हंगामात तळाला राहिला. तिथेही तेच: थकलेले पगार, आणि क्लबचे पदाधिकारी व पैसे घालणाऱ्या कंपन्या यांच्यात शेअर्सवरून वाद. नाव कितीही मोठे असो, पगाराची तारीख नावाने भागत नाही.

इथे मला सय्यद अब्दुल रहीम आठवतात, आणि त्यात थोडा पक्षपात आहे, कारण ते मूळचे शिक्षक. वर्ग सांभाळून त्यांनी हैदराबादचा फुटबॉल घडवला. १९५० ते १९५४ सलग पाच वेळा हैदराबाद सिटी पोलिसांनी रोव्हर्स कप जिंकला. तेव्हा आपले नांदेड हैदराबाद राज्यातच होते, आणि लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका. म्हणजे तो संघ आपलाही म्हणायला हरकत नाही. त्या संघाची मालकी कुणी विकू शकत नव्हते. खेळाडू पोलीस खात्यात नोकरीला. हरो वा जिंको, महिन्याचा पगार खात्याचा. मैदानावर कमाई फारशी नव्हती, पण निवृत्तीनंतर पेन्शन होती. आजच्या खेळाडूला त्यांच्या कित्येक पट पैसे मिळतात, करारात. हातात किती, ते वेगळे.

भाच्याचे म्हणणे, जिंदालांनी क्लब नेला तर नेला, आमच्या शहराचे नाव त्यांच्या खात्यावर कशाला? मुलाचे म्हणणे उलटे. त्याने फिफाचा नियम वाचला आहे: नाव बदला, कंपनी बदला, मालक बदला, नवा क्लब जुन्याचाच वारस ठरला तर जुन्या खेळाडूंची देणी त्याला द्यावी लागतात. म्हणून वारसा नाकारू नका, असे तो म्हणतो. वारसा तुटला तर ज्यांचे पगार अडकले ते खेळाडू कुणाच्या दारात जाणार?

मी मुलाच्या बाजूची आहे. त्याचे कारण फुटबॉल नाही. माझ्या मरहूम अब्बांनी निवृत्तीची रक्कम एका पतसंस्थेत ठेवली होती. संस्था बुडाली, पाटी बदलली, संचालक बदलले. प्रत्येक खेपेला नवा माणूस सांगायचा की ते आमच्या काळातले नाही. अब्बा पावत्यांची पिशवी घेऊन सात वर्षे फिरले. कुराणातली सर्वांत लांब आयत कर्ज लिहून ठेवण्याविषयी आहे, हे ते आम्हाला आधीपासून सांगायचे. लिहिलेले त्यांच्याकडे सगळे होते. वाचणारा भेटला नाही.

चाहत्याकडे तर पावतीही नसते. जर्मनीत क्लबच्या सदस्यांकडे निम्म्याहून अधिक मते असावीत असा नियम आहे, त्यामुळे कुणी धनिक रात्रीतून क्लब उचलून नेऊ शकत नाही. इंग्लंडात विम्बल्डनचा क्लब दुसऱ्या शहरी न्यायचे ठरले, तेव्हा चाहत्यांनी २००२ मध्ये आपला नवा क्लब काढला आणि अगदी खालच्या पायरीपासून वर चढवला. पोर्ट्समथ तर २०१३ मध्ये चाहत्यांच्या ट्रस्टने विकतच घेतला. भाच्याला ही गोष्ट फार आवडते. मित्र मिळून पैसे काढू, असे तो उत्साहात म्हणाला तेव्हा माझ्या बहिणीने मागून विचारले, "पहले मोबाइल का रिचार्ज कौन भरता?"

मला मात्र पोर्ट्समथपेक्षा आपला कारखाना जवळचा वाटतो. माझे दीर लातूर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याचे सभासद आहेत. ऊस त्यांचा, शेअर त्यांच्या नावावर, वर्षातून एकदा सर्वसाधारण सभेत उभे राहून हिशेब विचारायचा हक्कही त्यांचा. सहकारात काय काय होते ते मराठवाड्याला सांगायला नको. कारखाने कर्जात गेले, विकले गेले, कामगारांचे पगार राहिले. तरी विचारायला एक दिवस असतो, आणि विचारणाऱ्याचे नाव नोंदवहीत असते.

मुलाने यंदा चाचांना सांगून ठेवले आहे की सप्टेंबरातल्या सभेला मला न्या. चाचा म्हणाले, "ये, पण अहवाल आधी वाचून ये. तिथे बहुतेक जण जेवायलाच येतात." आता त्याने अहवाल मागवला आहे, आणि क्लासच्या वहीत मागच्या पानावर प्रश्न लिहायला सुरुवात केली आहे. पहिला प्रश्न कामगारांच्या थकीत पगाराचा आहे.