परतीच्या पावसातले टायर

पुण्याहून निघालेली पोलो कोइंबतूरला पोचते तेव्हा मीटरवर बाराशेच्या आसपास किलोमीटर वाढलेले असतात. कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, तुमकूर, बंगळूर, सालेम असं करत ती चेट्टीपाळयमच्या कारी मोटर स्पीडवेच्या फाटकाशी येते. एस. करिवर्धन यांच्या नावाचा हा ट्रॅक २००३ पासून सुरू आहे. लांबी जेमतेम २.१ किलोमीटर. हौशी माणसानं दिवसभरात अगदी चाळीस फेऱ्या मारल्या, तरी हिशोब चौऱ्याऐंशी किलोमीटरचा. मग तीच गाडी, तेच टायर आणि परत बाराशे किलोमीटर.

टायर घ्यायचे ते त्या चौऱ्याऐंशींसाठी की बाकीच्या चोवीसशेंसाठी?

इंग्लंडातल्या नाहीतर जर्मनीतल्या हौशी मंडळींना हा प्रश्न इतका छळत नाही. ट्रॅक हाकेच्या अंतरावर असतात, गाडी ट्रेलरवर चढवता येते किंवा ट्रॅकची चार चाकं गाडीत मागे टाकून नेऊन तिथंच बदलता येतात. पुण्याच्या सोसायटीत पार्किंगच्या कोपऱ्यात चार जादा चाकं रचून ठेवली, की तिसऱ्या दिवशी सेक्रेटरी बेल वाजवतो. त्यामुळे इथल्या पोलोवाल्याला एकाच जोडावर संसार करायचा असतो. गाडी चाकणची, जीटी टीएसआय, १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ पीएस. २०२२ मध्ये पोलोचं उत्पादनच थांबल्यापासून तिचे मालक तिला जरा जास्तच जपतात, आणि तरीही ट्रॅकवर नेतात.

टायरच्या दुकानात त्याला पहिला सल्ला मिळतो तो असा : ‘साहेब, हे घेऊन जा, पन्नास हजार किलोमीटर बघायला नको.’ सल्ला प्रामाणिक असतो. फक्त पन्नास हजार चालणारं रबर कडक असतं आणि वळणावर रस्त्याला चिकटायला मऊ रबर लागतं. दोन्ही एका टायरमध्ये पुरेपूर कोंबणं अजून कुणाला जमलेलं नाही.

या मऊ-कडकपणाचा अंदाज देणारा म्हणून एक आकडा बऱ्याच टायरांच्या बाजूवर कोरलेला असतो, ट्रेडवेअर. हा अमेरिकी सरकारच्या नियमातून आला. टेक्सासमध्ये सॅन अँजेलोच्या आसपासच्या सार्वजनिक रस्त्यांवर गाड्यांचा ताफा सुमारे ११,६०० किलोमीटर फिरवतात आणि नमुन्याच्या टायरपेक्षा नवा टायर किती कमी झिजला ते मोजतात. नमुन्याला १०० गुण, दुप्पट टिकणाऱ्याला २००. मिशलिनच्या पायलट स्पोर्ट ४ एसवर ३०० असतं, ट्रॅकसाठीच्या कप २ वर १८०. इथवर सगळं सरळ आहे. पण अंतिम आकडा कंपनीच ठरवते आणि तो चाचणीत आला त्यापेक्षा कमी लिहायला तिला मोकळीक असते. अमेरिकेतल्या हौशी स्पर्धांनी ‘२०० च्या खालचे टायर चालणार नाहीत’ असा नियम केला, तेव्हा कंपन्यांनी २०० लिहूनच भलतेच चिकट टायर बाजारात आणले. योकोहामाच्या ए०५२ वरही २०० आणि हँकूकच्या आरएस४ वरही २००. पहिला पटकन तापतो, घट्ट धरतो आणि भराभर संपतो. दुसरा जरा कमी धरतो, पण त्याच्या कितीतरी पट फेऱ्या काढतो. आकडा एक, खर्च वेगवेगळा. टेक्सासच्या सरळ रस्त्यावर मोजलेल्या गोष्टीनं वळणावरचं गुपित सांगावं, ही अपेक्षाच जरा भाबडी.

परदेशात स्वस्त ट्रॅक टायर म्हटलं की तैवानचं नाव निघतं : नानकांग, फेडरल. इथं मात्र जून २०२० मध्ये सरकारनं नव्या टायरांची आयात ‘मुक्त’वरून ‘निर्बंधित’ यादीत टाकली, आणि त्याआधीपासून आयएसआय मार्काची अट होतीच. म्हणजे परवाना हवा आणि शिक्काही. एका पोलोवाल्याला चार टायर हवेत म्हणून हे कोण करणार? यू-ट्यूबवर ज्या टायरांची पंधरा-पंधरा मिनिटं तुलना चालते, त्यातले बहुतेक त्याच्या दृष्टीनं चित्रातले लाडू.

मग हाताशी काय उरतं? गाडीवर आत्ता आहेत ते टायर. आणि पहिल्या वर्षासाठी तेच बरोबर उत्तर आहे.

हे काटकसरीचं समाधान नाही, त्यामागे कारण आहे. नव्या टायरची खाच साधारण आठ मिलिमीटर खोल असते. तेवढे उंच रबराचे ठोकळे वळणावर लवतात, लवून लवून तापतात आणि फार तापले की त्यांचे तुकडे उडतात. अमेरिकेत लोक पैसे देऊन नवे टायर मशिनवर तासून घेतात, ट्रॅकसाठी. इथं ते काम पुण्याच्या रस्त्यांनी दोन वर्षांत फुकट करून दिलेलं असतं. चार-साडेचार मिलिमीटरवर आलेला टायर कोरड्या ट्रॅकवर कोऱ्यापेक्षा जास्त ठाम वागतो. अट एवढीच, की तो झिजलेला असावा, म्हातारा नसावा. बाजूवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार अंक वाचायचे : ३५२१ म्हणजे २०२१ चा पस्तिसावा आठवडा. रबर वाळलेलं, बाजूला फुगा आलेला किंवा रिमोल्ड केलेला टायर घेऊन ट्रॅकवर जाणारा माणूस पैसे वाचवत नसतो. ‘ट्वेंटी फोर अवर्स ऑफ लेमन्स’ नावाच्या अमेरिकी शर्यतीत गाडी पाचशे डॉलरच्या आत बसवायची अशी गमतीची अट घातली गेली, पण त्या टिंगलखोर मंडळींनीही टायर आणि ब्रेक सुरक्षेच्या खात्यात टाकून त्या हिशोबातून वगळले.

वाचलेले पैसे ब्रेक ऑइल, ब्रेक पॅड आणि अलाइनमेंटवर घालावेत. चिकट टायर घेतला की गाडी वळणात जास्त वेगानं शिरते, पुढच्या ब्रेकला तो वेग मारावा लागतो, ब्रेक ऑइल उकळतं, पेडल मऊ पडतं. एका सुधारणेच्या मागे पाच बिलं येतात.

कमी पकडीत आणखी एक फायदा आहे. टोयोटानं २०१२ मध्ये जीटी८६ ही स्पोर्ट्स कार आणली तेव्हा तिला मिशलिनचे प्रायमसी एचपी टायर दिले, प्रियससारख्या इंधन वाचवणाऱ्या गाडीच्या जातकुळीतले. काहींनी नाकं मुरडली. पण गाडी बेताच्या वेगातच सरकावी आणि चालवणाऱ्याला ते कळावं, हाच तर बेत होता. कडक टायर आधी किंचाळतो, मग हळूहळू सुटतो. शिकणाऱ्याला तो ओरडा ऐकू येणं फार मोलाचं. चिकट टायर बराच वेळ गप्प बसतो, आणि बोलतो तेव्हा उशीर झालेला असतो.

दुपारी पोलो पिटमध्ये येते. बॉनेटमधून गरम वास, पुढच्या टायरांच्या कडेला रबराच्या बारीक गुठळ्या. सकाळी टायरच्या खांद्यावर खडूनं तीन रेघा मारलेल्या असतात, आता त्यांपैकी दोन पुसल्या गेल्यात. टायर फार लोळतोय, कडेवर चालतोय. हवा बघितली तर सकाळी थंड असताना २८ पीएसआय, आता ३५. यात गूढ काही नाही. पंचवीस अंशांची हवा पंचाहत्तरला गेली, की दाब तेवढाच वाढतो. पोलोवाला ३२ पर्यंत हवा सोडतो. रेघ पुसली जाते म्हणजे हवा कमी, आणि तापल्यावर टायर घसरायला लागतो म्हणजे हवा जास्त, असं दोन्हीकडून ओढलं जात असताना माणूस ३२ वर तडजोड करतो. पुढचं चाक गाडी ओढणार, वळवणार आणि थांबवणारही, त्यामुळे पुढच्या जोडीचीच माती होते. मागचे टायर सहलीला आल्यासारखे कोरे करकरीत.

संध्याकाळी ट्रॅक बंद होतो. गाड्या निघायला लागतात, कुणी चेन्नईकडे, कुणी कोचीकडे. पोलोवाला जॅक काढतो आणि पुढची चाकं मागे, मागची पुढे करतो. घाम पुसून, तासाभरानं टायर गार झाल्यावर पुन्हा हवा बघतो. काटा पंचविसाच्या जवळ. दुपारी सोडलेली हवा आता हिशोब मागत असते. एवढ्या हवेवर बाराशे किलोमीटर हायवे मारला, तर ट्रॅकवर वाचलेला टायर हिरियूरच्या आसपास फाटेल. सिगारेट लायटरच्या सॉकेटला लावलेला छोटा पंप घरघरतो, एकेका चाकाला पाच-सहा मिनिटं. तेहतीस.

ऑक्टोबर आहे. दुसऱ्या दिवशी निपाणी सोडल्यावर ढग दिसायला लागतात आणि साताऱ्याच्या पुढे परतीचा पाऊस सुरू होतो. खंबाटकीच्या बोगद्यातून पोलो बाहेर येते तेव्हा पुढे उतार असतो, चकाकणारं डांबर आणि ते बदनाम एस वळण. तो ब्रेकवर पाय ठेवतो, आरशात ट्रक बघतो आणि चाळिसाच्या वेगानं, मागून पुढे आलेल्या, खाचा शाबूत असलेल्या जोडीवर, गाडी हळूच वळवतो.