सयामी स्वयंपाक आणि आईचा नेम

थायलंडांत, म्हणजे पूर्वींच्या सयामांत, भेटलेल्या माणसास ‘भात खाल्ला का?’ असें विचारण्याची रीत आहे. आपल्याकडील ‘जेवलांत का?’ हाच तो प्रश्न. तेथें अन्नास ‘आहान्’ म्हणतात. हा आपला ‘आहार’च होय, लिहितांना त्यांतील ‘र’ अजून कायम आहे. शाकाहारास ‘मांग्सविरत्’ म्हणतात, म्हणजे उघडच ‘मांसविरति’! अयोध्येचें नांव धारण करणारें अयुथया नगर आईस दाखवावें, म्हणून २०२३ सालीं पितृपक्ष सरतां सरतां आम्ही निघालों, तेव्हां या एका शब्दानें मला केवढा धीर आला होता!

पहिले दोन दिवस बँकॉकच्या एका लहानशा खाणावळींत मीं तो शब्द ऐटींत उच्चारला. नारळाच्या दुधांतली हिरवी आमटी आईस फार आवडली. “आमटीला गवती चहाचा वास! नवलच आहे,” असें ती पुनःपुन्हां म्हणे.

तिसऱ्या दिवशीं ती विश्रांति घेत असतां मीं खाणावळीच्या बाईंस वाटण दाखविण्याची विनंति केली. दगडी खलांत हिरव्या मिरच्या, लसूण, गवती चहाचे बुडखे, आल्याच्या जातीचें कुळिंजन, एका खडबडीत लिंबाची साल आणि आपण टाकून देतों तीं कोथिंबिरीचीं मुळें. हें सारें कुटून होतांच त्यांनीं त्यांत एक जांभळट गोळा घातला. तो ‘कपि’, मीठ घालून आंबविलेल्या जवळ्याचा! पुढें आमटींत बाटलींतलें ‘नाम्-प्ला’ पडलें. तें खारविलेल्या माशांचें पाणी. मीं दचकून ‘मांग्सविरत्’ म्हणालों. बाई हंसून मोडक्यातोडक्या इंग्रजींत म्हणाल्या, “मांस नाहीं.” त्यांच्या लेखीं तें मीठच होतें.

आईस सांगावें कीं न सांगावें? चौऱ्याहत्तर वर्षांचा तिचा नेम! मी गप्प राहिलों असतों तर तिला हें कधींच कळलें नसतें. परंतु तिच्या ताटांतलें तिच्यापासूनच झांकून ठेवावें, हें मनास पटेना. सायंकाळीं सांगितलें. ती बराच वेळ कांहींच बोलली नाहीं. मग म्हणाली, “त्या बाईनें कांहीं फसविलें नाहीं. तूं नांव विचारलेंस. कृति विचारली नाहींस.” दुसऱ्या दिवशीं तिनें केवळ फळें घेतलीं.

त्यानंतर घटस्थापना आली. घरीं घट वहिनी बसविणार होत्या; इकडे आईस नऊ दिवस कांदालसूणहि वर्ज्य. मी चिंतेंत पडलों. तों त्याच सकाळीं दुकानांवर पिवळीं निशाणें दिसलीं, त्यांवर तांबडें अक्षर ‘चे’. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्याच्या प्रतिपदेपासून नऊ दिवस तेथील चिनी वंशाचे व इतरहि पुष्कळ लोक हें व्रत पाळतात. मांस, मासे, अंडीं, दूध, कांदा, लसूण, सारें वर्ज्य. खारेपणा सोयाबीनच्या रसानें आणतात. शब्द आपला नव्हता, पण नेम आपला निघाला! दूधदह्यावांचून चुकचुकत कां होईना, आई निःशंक जेवली.

त्याच नवरात्रांत आम्ही उत्तरेस चिआंगमाईस गेलों. त्या देशांत प्रांतागणिक चव पालटते. दक्षिणेस ओली हळद, ईशान्येस नदीच्या माशांचें आंबवण. समुद्रापासून दूर अशा या डोंगराळ भागांत मात्र कपिचें काम पुष्कळदां ‘थुआ-नाव’ करतें. शिजवून आंबविलेलें सोयाबीन कुटून, थापून, पापडांप्रमाणें उन्हांत वाळवितात. भातहि निराळा, वेळूच्या टोपलींत वाफविलेला, चिकट. तो हातानेंच खातात, हें पाहून आईची कळी खुलली. बाजारांत तिनें एक चकती उचलली, वास घेतला आणि मला म्हणाली, “विचार, ह्यांत काय काय घालतात?”

परत आल्यापासून आमच्या घरीं कोथिंबिरीचीं मुळें कोणी टाकीत नाहीं.