वेगाला कुंपण हवं

मारुती एस्टीम म्हटली की आमच्या बिलोलीत अजूनही कुणाच्या तरी लग्नातली सजवलेली गाडी आठवते. रविवारी तीच गाडी चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर धावताना पाहिली आणि ओळखू येईना! मागची सीट काढलेली, आत पोलादी नळ्यांचा पिंजरा. गाडी उलटली तरी छत चेपू नये म्हणून तो असतो. भारतातल्या सलून गाड्यांच्या शर्यतींचा मोठा काळ या साध्या घरगुती गाडीने गाजवला, याचा मला फार आनंद वाटतो.

या शर्यती भरवणारा मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३चा. आधी त्याच्या शर्यती शोलावरमच्या जुन्या विमान-धावपट्टीवर व्हायच्या. आताचा ट्रॅक सुमारे ३.७ किलोमीटरचा आहे. चालवणारे बरेचसे हौशी, आठवडाभर आपापल्या कामात असणारे. शर्यतीआधी स्वतःच चाकांची हवा तपासत होते.

मी सरळ रस्ता सोडून वळणापाशीच उभा राहिलो. खरी शर्यत तिथे कळते: ब्रेक कोण उशिरा दाबतो, आतली बाजू कोण धरतो. एक गाडी घसरली, धोक्याचा पिवळा झेंडा हलला, आणि त्या टप्प्यात एकानेही ओव्हरटेक केलं नाही. ही शिस्त पाहून मी भारावलो.

आमच्याकडे बोधनच्या रस्त्यावर वाळूच्या ट्रकांमधून पोरं मोटारसायकली पळवतात. जीव थरथरतो. म्हणून पुढच्या वेळी भाच्याला ट्रॅकवर नेणार आहे. त्याला गाड्यांचं वेड आहे. त्याने हेल्मेट, पट्टे आणि झेंडे आधी पाहावेत.