कॉफीची धाकटी पाती

आमच्या देवासच्या घरात कॉफी ही कॉफी म्हणून कधी प्यायलीच गेली नव्हती. दूध आटत आणायचे, त्यात सढळ हाताने साखर, वेलदोड्याची पूड आणि सहाणेवर उगाळलेले जायफळ घालायचे, आणि शेवटी नावापुरती कॉफीची चिमूट. कोजागरीला ती जागरणासाठी म्हणून होई; जायफळाच्या गुंगीने निम्मी मंडळी बारापूर्वीच पेंगत, हा भाग निराळा. तरुणपणी दादा इंदूरच्या कॉफी हाऊसात मित्रांबरोबर तासन् तास बसत, पण तिथेही त्यांच्या पेल्यात तीन चमचे साखर पडत असे.

चार वर्षांपूर्वी दादांच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी पथ्य सांगितले. दादांनी गोडधोड निमूटपणे सोडले, तरी दोन महिन्यांनी तपासणीचे आकडे वाढलेलेच. शोध घेता कळले की, संध्याकाळच्या कॉफीत आई लपून एक चमचा साखर घालीत होती. आम्ही भावंडे तिच्यावर फार बोललो. आज आठवले की लाज वाटते. ती त्या रात्री जेवली नाही. सकाळी एवढेच म्हणाली, "बावन्न वर्षं यांना गोड करून दिलं. आता या हातांनी कडू कसं देऊ?"

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. मग ठरवले, दादांनी एकट्याने कडू का प्यावे? सर्वांनीच प्यायची. आमच्यातली धाकटी बंगळूरला असते. तिने पितळी फिल्टर आणि ताजी दळलेली पूड आणली. वरच्या भांड्यात पूड हलक्या हाताने दाबायची, उकळी उतरलेले पाणी बेताने ओतायचे आणि पंधरावीस मिनिटे त्या बाजूला फिरकायचे नाही. आमच्या घरात हे शेवटचेच सर्वांत अवघड गेले.

पहिला आठवडा तोंडे वाकडी करण्यात गेला. कडू म्हणजे विषाची शंका, हे जिभेला उपजतच ठाऊक असते. म्हणून तर तान्हे मूल कडू औषध थुंकून टाकते. पण कॉफीतले कडूपण एकजात नसते, हे हळूहळू उमगले. पूड फार बारीक दळली किंवा पाणी तिच्यात फार वेळ राहिले, तर घशाला ओरखडा काढणारे कडू उतरते. बी काळीकुट्ट भाजली, तर करपल्याचे. आम्ही सारा दोष कॅफीनला देत होतो, पण त्याचा वाटा थोडाच. बराचसा कडूपणा भाजण्यातून येतो. आणि बाजारच्या पुडीतली चिकोरी तर कॉफीच नव्हे. ते भाजलेले मूळ. त्याने रंग आणि दाटपणा येतो, कॅफीन मुळीच नाही. चिकोरीविना केलेली कॉफी कोमट होऊ दिली, तेव्हा कडवटपणामागून एक आंबूस, फळासारखी चव पुढे आली. वाफाळत्या घोटात ती कधी सापडली नव्हती.

चव पारखणारे जाणकार चमच्यातली कॉफी मोठ्याने फुरकतात, म्हणजे तिचा वास तोंडातून नाकापर्यंत पोचतो, असे धाकटीने सांगितले. दादा जन्मभर बशीतून फुरके मारीत आले आणि पाहुण्यांसमोर आम्ही त्यांना डोळ्यांनी दटावीत आलो. त्या दिवशी त्यांनी आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती काय सांगावी!

आई मात्र लांबूनच पाहत होती. एके संध्याकाळी तिने दादांचा पेला उचलला, एक घोट घेतला, आणि काही न बोलता मिठाचे दोनचार कण त्यात टाकले. कडवटपणा एकदम मवाळ झाला. "कारल्याला मीठ चोळतो की आपण," ती म्हणाली. मीठ जिभेवरचा कडूपणा दबवते, ही गोष्ट शास्त्रालाही मान्य आहे; आईने ती विळीपाशी बसून कधीच ओळखली होती.

देवासात १९४८ पर्यंत एकाच गावात पवारांच्या दोन गाद्या नांदल्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. आता आमच्या चुलीवरही तसेच आहे. पाहुण्यांसाठी थोरली, दूधसाखरेची. दादांसाठी धाकटी, काळी. दोन्ही आईच करते. धाकटीवरही सहाणेवरचे जायफळ बोटाने लावते आणि पेला पुढे करताना रोज सर्वांना ऐकू जाईल असे म्हणते, "साखर नाही हो घातली."

दादा बशीत ओततात, फुरका मारतात आणि म्हणतात, "आज पाणी जरा जास्त वेळ राहिलं."